तेरा राज्ये, दोन सभागृहे : १७८७ च्या तडजोडीचे एक वाचन

'प्रतिनिधित्व' या संज्ञेशी साहित्याच्या अभ्यासकाचा संबंध बहुधा कथात्म साहित्याच्या वाटेने येतो. एखाद्या कादंबरीत एखाद्या समाजगटाचे जे दर्शन घडते ते कोणी घडवले, कोणत्या अधिकाराने घडवले आणि त्यात त्या गटाचा स्वतःचा आवाज कितपत आहे, हे प्रश्न गेल्या काही दशकांत तौलनिक साहित्याभ्यासाच्या केंद्रस्थानी आले आहेत. इंग्रजीत या दर्शनाला आणि विधिमंडळातील प्रातिनिधिक अधिकाराला एकच शब्द आहे. मराठीने 'चित्रण', 'प्रतिरूपण', 'प्रतिनिधित्व' असे निरनिराळे शब्द योजून ही क्षेत्रे अलग ठेवली. त्यामुळे आपली सोय झाली हे खरे; परंतु विधिमंडळातील जागांचे वाद म्हणजे केवळ राज्यशास्त्राचा प्रांत, ही समजूतही त्यातूनच दृढ झाली असावी. हे वादही आपल्यापर्यंत पोचतात ते संहितांमधूनच. कोणी तरी टिपणे काढलेली असतात, कोणी तरी ती पुढे सुधारलेली असतात, आणि जे घडले त्याची कारणमीमांसा बहुतेक वेळा घडून गेल्यानंतर लिहिली जाते.

प्रस्तुत लेखात अशाच एका वादाचा विचार करावयाचा आहे. अमेरिकेची राज्यघटना तयार करण्यासाठी १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फिया येथे जी परिषद भरली, तिच्यात मोठी राज्ये आणि लहान राज्ये यांच्यात विधिमंडळातील प्रतिनिधित्वावरून तीव्र संघर्ष झाला. कनिष्ठ सभागृहात लोकसंख्येनुसार जागा आणि वरिष्ठ सभागृहात प्रत्येक राज्याला समान स्थान, अशा तडजोडीने तो मिटला. पाठ्यपुस्तकांतून ही तडजोड संघराज्याच्या एका सुविचारित तत्त्वाचे फलित म्हणून सांगितली जाते. मूळ कागदपत्रे वाचली असता चित्र वेगळे दिसते. ती तडजोड प्रथम मतदानाच्या एका जुन्या नियमामुळे शक्य झाली आणि तिचे तत्त्व मागाहून लिहिले गेले, असे मला वाटते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगता येईल. ब्रिटिश सत्तेपासून फुटून निघालेल्या तेरा वसाहतींनी आपसांत जो राज्यसंघ केला, त्याचे कलमनामे १७७७ मध्ये तयार झाले आणि १७८१ मध्ये अमलात आले. त्यानुसार मध्यवर्ती काँग्रेसमध्ये प्रत्येक राज्याला एकच मत होते. राज्य केवढेही असो आणि त्याने प्रतिनिधी कितीही पाठवलेले असोत. पुढे १७९० च्या पहिल्या जनगणनेत व्हर्जिनियाची लोकसंख्या सुमारे ७ लाख ४७ हजार भरली, तर डेलावेअरची सुमारे ५९ हजार. म्हणजे एकास बारापेक्षा अधिक असे हे प्रमाण होते, आणि तरीही मत दोघांना सारखेच. शिवाय कलमनाम्यांत दुरुस्ती करावयाची तर सर्व राज्यांची संमती आवश्यक होती. करवसुलीचा अधिकार नसलेली ही काँग्रेस युद्धकर्जाने जेरीस आली, तेव्हा सुधारणेसाठी परिषद बोलावण्यात आली. २५ मे १७८७ रोजी गणपूर्ती झाली. जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्ष झाला. बारा राज्यांचे मिळून पंचावन्न प्रतिनिधी वेगवेगळ्या काळात उपस्थित राहिले. ऱ्होड आयलंडने कोणालाही पाठवले नाही. कामकाज गुप्त ठेवायचे ठरले.

या परिषदेने आपल्या मतदानासाठी कोणता नियम स्वीकारला, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. नियम जुनाच होता : एका राज्याला एक मत. ज्या समान मताविषयी पुढे सात आठवडे भांडण व्हायचे होते, त्याच समान मताने त्या भांडणाचा निकाल लागायचा होता. मोठ्या राज्यांतील काहींना हे खटकले होते. पण आरंभीच हा मुद्दा काढला तर लहान राज्ये घरी परततील, या भीतीने तो मागे ठेवण्यात आला. डेलावेअरच्या प्रतिनिधींना तर त्यांच्या विधिमंडळाने दिलेल्या अधिकारपत्रातच बजावले होते, की राज्याच्या समान मताला धक्का लागेल अशा कोणत्याही बदलास संमती देऊ नये. हे बंधन जॉर्ज रीड या त्यांच्यापैकीच एकाने मुद्दाम घालून घेतले होते. स्वतःचे हात बांधून वाटाघाटीला बसण्याची ही युक्ती, आणि ती कागदावर केलेली, म्हणून मला विशेष वाटते.

२९ मे रोजी एडमंड रँडॉल्फने व्हर्जिनियाची योजना मांडली. तिचा मुख्य कर्ता जेम्स मॅडिसन होता. विधिमंडळ द्विगृही असावे, दोन्ही सभागृहांतील जागा राज्याच्या करभाराच्या किंवा स्वतंत्र रहिवाशांच्या प्रमाणात असाव्यात, असा तिचा गाभा होता. १५ जून रोजी न्यू जर्सीच्या विल्यम पॅटरसनने प्रतियोजना आणली : एकच सभागृह आणि पूर्वीप्रमाणे राज्यागणिक एक मत. १९ जूनला ती सात विरुद्ध तीन मतांनी मागे पडली. मेरीलंडचे प्रतिनिधी दुभंगल्यामुळे त्या राज्याचे मत धरले गेले नाही. दरम्यान ११ जूनलाच कनेक्टिकटच्या रॉजर शर्मनने मधला मार्ग सुचवला होता : एका सभागृहात संख्येप्रमाणे, दुसऱ्यात राज्याला एक मत. त्या दिवशी दुसऱ्या सभागृहाविषयीची त्याची सूचना पाच विरुद्ध सहा मतांनी फेटाळली गेली. म्हणजे जो तोडगा अखेर मान्य झाला तो पहिल्या पंधरवड्यातच सर्वांसमोर होता. नवी कल्पना सुचण्याची वाट कोणी पाहत नव्हते; थकवा आणि भीती यांची वाट पाहिली जात होती, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

जूनच्या अखेरच्या दिवसांतील भाषणे साहित्याच्या अभ्यासकाने जरूर वाचावीत. न्यू जर्सीच्या डेव्हिड ब्रेअर्लीने तर त्यापूर्वीच, ९ जूनला, उपाय सांगून टाकला होता : देशाचा नकाशा पसरा, सगळ्या सीमा पुसा आणि पुन्हा तेरा समान भाग करा. हा उपाय त्याने कितपत गंभीरपणे सांगितला, हे ज्याने त्याने ठरवावे. ३० जूनला बेंजामिन फ्रँकलिनने सुताराचा दृष्टान्त दिला. फळ्यांच्या कडा जुळत नसतील तर चांगला कारागीर दोन्ही फळ्या थोड्या थोड्या तासतो, तसे दोन्ही पक्षांनी आपापले काही सोडावे, असा त्याचा आशय. त्याच दिवशी डेलावेअरचा गनिंग बेडफर्ड उठला आणि मोठ्या राज्यांनी संघ मोडलाच तर लहान राज्यांना हात देणारा एखादा परकीय मित्र भेटेल, अशी धमकी देऊन बसला.

बेडफर्डच्या या भाषणाचे दोन पाठ उपलब्ध आहेत, आणि त्यांतील तफावत बोलकी आहे. न्यू यॉर्कच्या रॉबर्ट येट्सच्या टिपणांत बेडफर्ड समोरच्या सभासदांवर आपला विश्वास नसल्याचे तोंडावर सांगतो. मॅडिसनच्या टिपणांत परकीय मित्राची धमकी आहे. पण इतके उघडे वाक्य तेथे नाही, आणि भाषणाचा डौल युक्तिवादाचा आहे. येट्स हा नव्या घटनेचा विरोधक. त्याची टिपणे त्याच्या मृत्यूनंतर १८२१ मध्ये छापली गेली आणि छापण्यापूर्वी त्यांत फेरफार झाल्याचे संशोधकांनी दाखवले आहे. मॅडिसनची टिपणे १८४० मध्ये, म्हणजे तोही निवर्तल्यावर चार वर्षांनी, बाहेर आली. अध्यक्षांच्या समोर बसून तो संक्षेपाने लिहून घेई आणि नंतर विस्तार करी. पुढील आयुष्यात त्याने या हस्तलिखितावर वारंवार हात फिरवला. मेरी सारा बिल्डर यांनी २०१५ मध्ये प्रकाशित केलेल्या ग्रंथात या फेरफारांचा सूक्ष्म अभ्यास आहे. ज्या दस्तऐवजाला आपण परिषदेचा इतिवृत्तान्त समजतो, त्याचा निवेदक स्वतः त्या झगड्यातील एक पात्र आहे, आणि तेही हरलेले पात्र. पाठचिकित्सेची सवय असलेल्या वाचकाला याचे महत्त्व सांगावयास नको.

२ जुलै रोजी वरिष्ठ सभागृहातील समान मताचा प्रश्न मतास टाकला गेला तेव्हा पाच विरुद्ध पाच अशी बरोबरी झाली. ती कशी झाली हे पाहण्यासारखे आहे. मेरीलंडचा डॅनियल ऑफ सेंट टॉमस जेनिफर त्या सकाळी उशिरा आला. त्यामुळे त्याचा सहकारी ल्यूथर मार्टिन याने एकट्याने राज्याचे मत समान प्रतिनिधित्वाच्या बाजूने टाकले. जेनिफर वेळेवर असता तर ते मत दुभंगले असते. मोठ्या राज्यांबरोबर जाणाऱ्या जॉर्जियात एब्राहम बॉल्डविन याने उलट बाजू घेतल्यामुळे ते राज्य दुभंगले. बॉल्डविन मूळचा कनेक्टिकटचा, हेही ध्यानात ठेवावे. मग प्रत्येक राज्याचा एक सभासद घेऊन एल्ब्रिज गेरीच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. ५ जुलैला तिने अहवाल दिला : पहिल्या सभागृहात दर चाळीस हजारांमागे एक प्रतिनिधी, अर्थविषयक विधेयकांचा आरंभ तेथूनच, आणि दुसऱ्या सभागृहात प्रत्येक राज्याला समान मत.

अखेरचे मतदान १६ जुलैला झाले. कनेक्टिकट, न्यू जर्सी, डेलावेअर, मेरीलंड आणि नॉर्थ कॅरोलायना बाजूने, व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनिया, साउथ कॅरोलायना आणि जॉर्जिया विरुद्ध, मॅसॅच्युसेट्स दुभंगलेले. पाच विरुद्ध चार. न्यू यॉर्कचे दोन प्रतिनिधी, येट्स आणि लान्सिंग, काही दिवसांपूर्वीच परिषद सोडून गेले होते. न्यू हॅम्पशायरचे अजून पोचले नव्हते. तेरापैकी पाच राज्यांच्या संमतीने अमेरिकन सिनेटचे स्वरूप ठरले. १७९० च्या जनगणनेचे आकडे लावून पाहिले तर विरोधी चार राज्यांची एकूण लोकसंख्या सुमारे १५ लाख आणि बाजूच्या पाच राज्यांची सुमारे १२ लाख येते. लोकसंख्येच्या मापाने मोजले असते तर ठराव पडला असता. तो राज्यांच्या मापाने मोजला गेला म्हणून तगला. मोठे आणि लहान ही विभागणीही वाटते तितकी स्वच्छ नव्हती, हे वरच्या यादीवरून दिसेलच. जॉर्जिया लोकसंख्येने लहान. पण आपण लवकरच मोठे होऊ या आशेने ते मोठ्यांबरोबर राहिले. नॉर्थ कॅरोलायना मोठ्यांत गणले जाणारे, आणि त्याच्याच मताने लहानांचे पारडे जड झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी कामकाजापूर्वी मोठ्या राज्यांचे काही सभासद एकत्र जमले, पुढे काय करावे याविषयी त्यांच्यात एकवाक्यता झाली नाही, आणि ते परिषदेत जाऊन बसले. इतक्या मोठ्या वादाचा शेवट इतका निरुत्साही असावा याचे प्रथम वाचताना आश्चर्य वाटते.

येथे दुसरा, अधिक गंभीर मुद्दा येतो. ३० जूनच्याच भाषणात मॅडिसनने म्हटले होते, की राज्यांमधील खरा हितविरोध लहानमोठेपणाचा नाही. गुलाम असणे आणि नसणे यांतून तो निर्माण झाला आहे. एका सभागृहात केवळ स्वतंत्र रहिवाशांच्या आणि दुसऱ्यात गुलामांसह सर्वांच्या संख्येवर जागा द्याव्यात, असा विचारही आपल्या मनात आल्याचे त्याने नमूद केले. कनिष्ठ सभागृहात लोकसंख्येनुसार जागा हे ठरताच 'लोक' कोण, हा प्रश्न टाळता येणे शक्य नव्हते. तो गुलामाला तीन पंचमांश मोजून सोडवला गेला. हे प्रमाण नवे नव्हते. १७८३ मध्ये काँग्रेसने राज्यांचा करभार ठरवण्यासाठी ते सुचवले होते. १२ जुलैला परिषदेने प्रतिनिधित्व आणि प्रत्यक्ष कर ही दोन्ही त्याच मापाला जोडली. युक्तिवादांची उलटापालट पाहण्यासारखी आहे. एरवी गुलामांना मालमत्ता मानणारे साउथ कॅरोलायनाचे प्रतिनिधी जागा मोजताना त्यांना पूर्ण माणूस धरण्याचा आग्रह करत होते, आणि उत्तरेकडील काहींना त्यांची मोजणीच नको होती. १७९० मध्ये देशात सुमारे ७ लाख माणसे गुलामगिरीत होती. त्यांना मत नव्हते. त्यांच्या संख्येने त्यांच्या मालकांच्या राज्यांचे प्रतिनिधी मात्र वाढत होते. गणनेत असणे आणि प्रतिनिधित्व असणे यांतील अंतर याहून उघडे क्वचितच दिसेल. अंतिम मसुद्यात 'गुलाम' हा शब्दही नाही. 'इतर व्यक्ती' असा शब्दप्रयोग आहे.

मराठी वाचकाला येथे महात्मा जोतीराव फुले यांच्या 'गुलामगिरी' (१८७३) या ग्रंथाची अर्पणपत्रिका आठवणे स्वाभाविक आहे. ती अमेरिकेतील गुलामगिरीच्या निर्मूलनासाठी झटणाऱ्या तेथील लोकांना उद्देशून आहे. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली, १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने तीन पंचमांशाचे माप गेले. फुल्यांनी ज्या कार्याचा गौरव केला ते कार्य काही अंशी फिलाडेल्फियातल्या या हिशेबाचीच दुरुस्ती होती.

समान प्रतिनिधित्वाचे तत्त्व कोठे लिहिले गेले, हा प्रश्न अजून उरतो. परिषद १७ सप्टेंबर १७८७ रोजी संपली आणि त्यानंतर राज्यांच्या संमतीसाठी लेखनयुद्ध सुरू झाले. हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे यांनी 'पब्लियस' या एकाच टोपणनावाने 'फेडरॅलिस्ट' लेखमाला लिहिली. तिच्यातील ३९ वा लेख नव्या शासनाला अंशतः राष्ट्रीय आणि अंशतः राज्यसंघीय ठरवतो. सिनेट हा त्यातला राज्यसंघीय अंश. ६२ वा लेख सामान्यतः मॅडिसनचाच मानला जातो. ज्या समान मताविरुद्ध तो सात आठवडे झगडला, त्याचे समर्थन त्यालाच लिहावे लागले. लेखातील वळण मोठे मजेचे आहे. ही तरतूद सिद्धान्ताच्या कसोटीवर घासून पाहण्यात अर्थ नाही, ती परस्परांना सांभाळून घेण्यातून आली आहे आणि दोन अनिष्टांपैकी सौम्य ते स्वीकारले आहे, असे तो आधी मान्य करतो. नंतर त्याच लेखात समान मत म्हणजे राज्यांकडे उरलेल्या सार्वभौमत्वाची घटनात्मक खूण, असा सिद्धान्त मांडतो. पुढील पिढ्यांनी पहिले विधान विसरून दुसरे उचलले. टोपणनावाचाही येथे उपयोग झाला असणार. पब्लियस कोणत्याच मतदानात हरलेला नव्हता.

सिद्धान्ताला न जुमानणारी एक गोष्ट परिषदेतच घडली होती. सिनेटमध्ये राज्ये जर राज्ये म्हणून बसणार, तर राज्याचे मत एकच असावयास हवे. २३ जुलैला मात्र प्रत्येक राज्याचे दोन सभासद आणि प्रत्येकाचे स्वतंत्र मत, असे ठरले. सूचना गूव्हर्नर मॉरिस (हे त्याचे नाव, हुद्दा नव्हे) आणि रूफस किंग यांची होती. हा बदल राज्याच्या कल्पनेलाच बाधक आहे, ही मार्टिनची हरकत तर्काला धरून होती. मेरीलंडखेरीज कोणी ती मानली नाही. १९१३ च्या सतराव्या दुरुस्तीने सिनेटरांची निवड राज्य विधिमंडळांकडून थेट मतदारांकडे गेली, तेव्हा राज्यसंस्थेचे प्रतिनिधित्व बहुतांशी नावापुरते उरले. समान संख्या मात्र टिकली, कारण घटनेच्या पाचव्या अनुच्छेदात राज्याच्या संमतीवाचून त्याचे सिनेटमधील समान स्थान काढून घेता येणार नाही, असे कलम अखेरच्या दिवसांत घातले गेले होते. २०२० च्या जनगणनेनुसार कॅलिफोर्नियाची लोकसंख्या सुमारे ३ कोटी ९५ लाख, वायोमिंगची सुमारे ५ लाख ७७ हजार. सिनेटर दोघांचे दोन दोन.

अमेरिकेचा हा नमुना १८४८ मध्ये स्वित्झर्लंडने आणि १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाने आपापल्या परीने उचलला. भारताने उचलला नाही, आणि तो का नाही याचे उत्तरही मला मतदानाच्या नियमातच शोधावेसे वाटते. भारतीय संविधानसभेतील जागा स्थूलमानाने दर दहा लाख लोकसंख्येमागे एक अशा वाटलेल्या होत्या, आणि सभासद व्यक्तिशः मत देत होते. राज्याचे म्हणून मत तेथे नव्हते. डेलावेअरसारखा हात बांधून घेण्याला वावही नव्हता. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अमेरिकन आणि भारतीय संघराज्यांची तुलना करताना स्पष्ट केले, की भारतीय संघ हा घटकांनी आपसांत केलेल्या कराराचे फल नाही. करार नसेल तर करार करणाऱ्यांच्या समानतेचा आधारही उरत नाही. बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना मतांचे प्रतिनिधित्व आणि व्यक्तींचे प्रतिनिधित्व असा जो भेद केला होता, त्याची दिशाही वेगळी होती. प्रदेशांपेक्षा वगळल्या गेलेल्या माणसांचा विचार त्यात होता. फिलाडेल्फियाने नेमका तोच मागे टाकला होता.

राज्यसभेसाठी जे सूत्र स्वीकारले गेले ते पहिल्या पन्नास लाखांपर्यंत दर दहा लाखांमागे एक आणि त्यापुढे दर वीस लाखांमागे एक, असे होते. मोठ्याला अधिक, पण त्याच्या मोठेपणाइतके नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या गोव्याच्या सुमारे ७७ पट आहे. चौथ्या अनुसूचीत महाराष्ट्राला १९ जागा आणि गोव्याला १. याला तत्त्व म्हणावे की तडजोड, असा वाद भारतात फारसा रंगला नाही. येथील खरा पेच लोकसभेच्या जागांबाबत आला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यनिहाय जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या आणि चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. लोकसंख्यावाढ आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांना जागा गमवाव्या लागू नयेत, हे त्यामागचे कारण. मोठी आणि लहान यांच्याऐवजी वेगाने वाढणारी आणि सावकाश वाढणारी, अशी ही नवी विभागणी आहे. जॉर्जियाने १७८७ मध्ये आपल्या भावी लोकसंख्येवर लावलेल्या पैजेची तिच्याशी तुलना अवश्य व्हावी.

राज्यसभेतील सभासद कोणाचा, याचे उत्तर २००३ मध्ये बदलले. तोवर उमेदवार त्या राज्यातील मतदार असणे आवश्यक होते. लोकप्रतिनिधित्व कायद्यातील दुरुस्तीने ही अट काढली. कुलदीप नायर यांनी तिला आव्हान दिले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली आणि राज्यात वास्तव्य असणे हे भारतीय संघराज्यपद्धतीचे अनिवार्य अंग नाही, असे म्हटले. अमेरिकन घटनेत सिनेटर निवडला जातो तेव्हा तो त्या राज्याचा रहिवासी असला पाहिजे ही अट १७८७ पासून आहे, आणि ती कोणत्याही दुरुस्तीने बदललेली नाही.